अकराशे त्रेचाळीस वडिलांचं एकच घड्याळ

"माझा अर्ज परत येत नसतो."

हे वाक्य अर्जकाकांनी वीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की दुकानातल्या झेरॉक्स मशीनलाही ते पाठ झालं असावं. म्हणताना आवाज मुळीच चढवायचे नाहीत हां. चष्मा पुसता पुसता, सहज. समोर माणूस घामाघूम उभा, हातात कागदांची पिशवी, परमिट संपायला नऊ दिवस. आणि काका काचेवर फुंकर मारून सांगणार, बसा, माझा अर्ज परत येत नसतो. माणूस तिथल्या तिथे अर्धा बरा व्हायचा.

परक्या देशात पोटासाठी आलेल्या माणसाचं सगळं आयुष्य एका परमिटच्या खुंटीला टांगलेलं असतं. परमिट आहे तर नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, पोरांची शाळा आहे. नसेल तर तीस दिवसांत चंबूगबाळं उचलायचं. ते परमिट देणारं ऑफिस रस्त्याच्या त्या बाजूला होतं, आणि या बाजूला झेरॉक्सचं दुकान. दुकानाच्या दारात काकांचं टेबल. टेबलावर स्टेपलर, डिंकाची बाटली, फोटो कापायची कात्री आणि अलीकडे एक म्हातारा लॅपटॉप, ज्याची तीन बटणं काडीने दाबावी लागत. काका स्वतःही परमिटवरच होते, 'लिखाण मदतनीस' म्हणून. आणि त्यांच्या परमिटवर काकू आणि लेक.

अर्ज चौदा पानांचा. त्यातले सव्वीस रकाने कुणालाही भरता येतील असे. नाव लिहा, जन्मतारीख लिहा, दात किती ते लिहा. घोडं अडायचं ते रकाना सत्तावीसला: 'आपल्याविषयी थोडक्यात लिहा.' इथे भलेभले गार पडायचे. क्रेन चालवणारा धिप्पाड माणूस पेनाचं टोपण चावत बसायचा. काकांची सगळी करामत या रकान्यात होती. तिथे ते एक पॅरा लिहीत. तो असा:

'मी घर सोडलं त्या दिवशी माझ्या वडिलांनी मला बसमध्ये चढवताना स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, वेळेवर जा. तेव्हापासून मी कामावर एकदाही उशिरा गेलेलो नाही.'

संपला पॅरा. यातला शब्द न् शब्द खरा होता. वीस वर्षांपूर्वी काकांनी तो स्वतःसाठी लिहिला, ऑफिसच्या बाकावर बसून, मांडीवर कागद ठेवून. चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी तो वाचला, नाक पुसलं आणि ठप्पा मारला. काकांबरोबर खोलीत राहणारा एक रंगारी होता, त्याला सत्तावीसमध्ये काही सुचेना. काका म्हणाले, माझाच उतरव. त्यालाही ठप्पा मिळाला. मग रंगाऱ्याचा भाऊ आला, भावाचा मित्र आला, मित्राची बायको आली, आणि बघता बघता काकांच्या वडिलांनी निम्म्या शहराला घड्याळं वाटली.

तुम्ही म्हणाल, ऑफिसात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आलं की. पहिल्याच वर्षी आलं. पण तिथल्या कारकुनांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. घड्याळाचा पॅरा दिसला की समजायचं, अर्ज काकांच्या टेबलावरून आलाय. म्हणजे फोटो बरोबर मापाचा, सह्या जागच्या जागी, एकही कागद कमी नाही. पुढे वाचायचं कारणच नाही. ठप्पा मारा, चहाला चला. वीस वर्षं तो पॅरा कुणी वाचलाच नव्हता. त्याच्याकडे नुसतं बघत होते.

आणि मग यंत्र आलं. अर्ज ऑनलाइन, छाननी यंत्राची, निर्णय चार मिनिटांत, अशी पाटी ऑफिसच्या दारावर लागली. खिडक्यांवर पांढऱ्या फळ्या ठोकल्या. चार नंबरच्या बाईंना दाराशी चौकशीच्या खुर्चीत बसवलं, जिथे चौकशी करायला कुणी गेलं की त्या संकेतस्थळाचा पत्ता छापलेली चिठ्ठी देत. झेरॉक्सवाल्याचा चेहरा पडला. काका मात्र निवांत. यंत्र झालं म्हणून काय झालं, म्हणाले, बाईंच्याच जागी बसलंय ना? बाईंना आवडलं ते त्याला आवडेल.

त्या सोमवारी त्यांनी सात अर्ज पाठवले. सहा गिऱ्हाइकांचे आणि सातवा स्वतःचा, कारण त्यांचंही परमिट संपत आलं होतं. पाठवून हात झटकले, चहा मागवला. चहा यायच्या आत लॅपटॉप 'टिंग' वाजला. मग पुन्हा टिंग. सात वेळा टिंग. सातही अर्ज परत!

काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पत्र सगळ्यांना सारखंच होतं. 'रकाना सत्तावीसमधील मजकूर या विभागाकडील एकूण १,१४३ अर्जांत आढळतो. सदर घटना इतक्या व्यक्तींच्या बाबतीत घडणे संभवत नाही. घटनेचा पुरावा घेऊन सुनावणीस हजर राहावे.' बारा दिवसांनंतरची तारीख होती. चहा आला, त्यावर साय धरली, तरी काका त्या आकड्याकडेच बघत होते. खरं सांगायचं तर त्यांना आधी जरा अभिमानच वाटला. अकराशे त्रेचाळीस! त्यांनी स्वतः कधी मोजले नव्हते.

घरी लेकीने पत्र वाचलं. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष, परीक्षा नऊ आठवड्यांवर. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्या गावाला माझे आजोबा वाटून टाकलेत." काकूंनी फक्त विचारलं, आपलं परमिट गेलं तर किती दिवस मिळतात? काका म्हणाले, तीस. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने मोजलं. परीक्षा त्यात बसत नव्हती.

यंत्राला एकदा चव लागली आणि त्याने जुने अर्जही उकरायला घेतले. गुरुवारपर्यंत काकांच्या टेबलासमोर रांग लागली. सगळ्यांच्या हातात तेच पत्र. रंगारी आला, क्रेनवाला आला, दवाखान्यात फरशा पुसणाऱ्या बाई आल्या. काका, आता काय? आणि काकांनी तेच केलं जे ते वीस वर्षं करत आले होते. ऑफिसने हरकत घेतली म्हणजे कागद कमी पडलाय, एवढंच त्यांना माहीत. फोटो मागितला की फोटो लावायचा, दाखला मागितला की दाखला. मूळ गोष्टीलाच हरकत असेल हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. पुरावा मागितलाय ना, म्हणाले, मग पुरावा जोडू. प्रत्येकाने एकेक घड्याळ घेऊन या. जुनं दिसलं पाहिजे, बाकी काही नाही.

बसस्टँडच्या कोपऱ्यावर जुनी घड्याळं विकणारा एक म्हातारा बसायचा. वर्षभरात त्याची पाच घड्याळं खपत नसत. दोन दिवसांत त्याची पेटी रिकामी झाली, तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या हातातलं विकून घरी गेला. पुढे कितीतरी दिवस तो लोकांना विचारायचा की बाबांनो, नेमकं काय सुरू आहे?

सुनावणीच्या दिवशी काका सकाळी साडेआठला ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये पोचले आणि थबकले. बाकावर, जमिनीवर, जिन्यात, जिकडेतिकडे माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक घड्याळ. पट्टा तुटलेली, काच तडकलेली, कुणाचं थांबलेलं, कुणाचं दोन तास पुढे. क्रेनवाल्याने बायकांचं, सोनेरी साखळीचं आणलं होतं. त्याच्या मनगटाला ते अर्ध्यातच अडकून बसलं होतं. फरशीवाल्या बाईंना काहीच मिळालं नाही म्हणून त्यांनी गजराचं घड्याळ आणलं होतं, दोन घंट्यांचं, आणि ते त्यांच्या पिशवीत मधूनच खणखणत होतं. एका पोरगेल्या शिंप्याकडे पावलं मोजणारं, फोन येणारं घड्याळ होतं. वडिलांनी म्हणे बसमध्ये चढवताना दिलेलं! काकांनी डोक्याला हात लावला. हे सगळं आपण केलंय हे त्यांना त्या कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा कळलं.

आत एक अधिकारी होता. म्हणजे माणूस होता, पण प्रश्न यंत्राचे. पडद्यावर उमटेल ते तो वाचायचा आणि उत्तर टाइप करायचा. काकांची पाळी आली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. चावीचं घड्याळ, पांढरी तबकडी पिवळी पडलेली, पट्टा तीनदा बदललेला.

"हे आपल्या वडिलांचं आहे हे कशावरून?" अधिकाऱ्याने वाचलं.

काका म्हणाले, "त्यांनी दिलं म्हणून."

"पावती?"

"साहेब, वडील पावती देत नाहीत."

अधिकाऱ्याने 'पावती नाही' असं टाइप केलं. मग पडद्यावर आणखी काहीतरी आलं. ते वाचताना त्याच्याही कपाळाला आठी पडली. 'ही घटना प्रथम नोंदवणारी व्यक्ती आपण नाही,' असं होतं ते. काकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी विचारलं, मी नाही तर कोण? अधिकारी म्हणाला, ते सांगता येत नाही, गोपनीय असतं. आणि घड्याळ त्यांच्याकडे सरकवलं. काका बाहेर येऊन बाकावर टेकले तोवर त्यांच्या फोनवर टिंग वाजलं. नामंजूर. तीस दिवस.

एकूण एक नामंजूर झाले. गजराच्या घड्याळासकट.

त्यातल्या पाववाल्याचं सांगतो. हा बेकरीतला भट्टीवाला. बारा वर्षं त्याने या शहराला सकाळचा पाव खाऊ घातला. पहिल्यांदा अर्ज लिहायला आला होता तेव्हा काकांना म्हणाला होता की माझ्या वडिलांकडे घड्याळ नव्हतं हो. ते आंधळे होते. भिंतीला हात लावून, ती किती तापलीय त्यावरून वेळ सांगायचे, आणि कधी चुकले नाहीत. मला भट्टीचा अंदाज तिथूनच आला. काका म्हणाले होते, असू द्या, हे कोण वाचणार? आणि घड्याळाचा पॅरा चिकटवला होता.

आता तो निरोप घ्यायला आला. चार तास रांगेत उभं राहून विमानाचं तिकीट काढलं होतं, खांद्यावर पिठाचे डाग तसेच. रागावला नाही. रागावला असता तर काकांना बरं वाटलं असतं. विकत घेतलेलं घड्याळ त्याने टेबलावर ठेवलं, म्हणाला, हे तुम्हीच ठेवा काका, दुसऱ्या कुणाच्या अर्जाला उपयोगी पडेल. तो गेल्यावर काका कितीतरी वेळ त्या घड्याळाकडे पाहत बसले. भिंतीवर हात ठेवणारा तो आंधळा माणूस यंत्राच्या अख्ख्या पोटात एकच एक ठरला असता. ते लिहिलं असतं तर पाववाला राहिला असता. आपण लोकांचे अर्ज वाचवत नव्हतो, त्यांचे आईबाप पुसत होतो, हे काकांना तेव्हा उमगलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

पाठवणीला तेवीस दिवस उरले असताना मेहुण्याला पत्र आलं.

मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. वय चौतीस, मुक्काम काकांच्या सोफ्यावर. अकरा वर्षांपूर्वी बहिणीकडे चार दिवस म्हणून आला तो तिथेच. काकांनीच त्याचा अर्ज भरला होता, अर्थात घड्याळासकट. या गृहस्थाच्या वडिलांनी, म्हणजे काकांच्या सासऱ्यांनी, मुलाला चपलेच्या माराशिवाय आयुष्यात काही दिलं नव्हतं. आणि उशिराचं म्हणाल, तर तो उशिरा पोचला नाही असं एकही ठिकाण नव्हतं. चार नोकऱ्या त्यापायी गेल्या. सध्या मालाच्या गोदामात खोकी उचलायला होता आणि तिथलाही मुकादम त्याच्या नावाने बोटं मोडत होता.

पत्र लेकीने मोठ्याने वाचलं. 'आपला अर्ज हा सदर मजकुराचा मूळ अर्ज असल्याचे आढळून आले आहे. मूळ वस्तू सादर केल्यास आपणास दहा वर्षांचे परमिट देण्यात येईल.'

मेहुण्याने जांभई अर्धीच सोडली. म्हणाला, मूळ म्हणजे मी? काका चपला घालून बाहेर पडले ते थेट चार नंबरच्या बाईंकडे.

बाईंनी सांगितलं ते असं. यंत्राने फक्त संगणकातले अर्ज वाचले. संगणकात अर्ज घालायला सुरुवात झाली अकरा वर्षांपूर्वी, आणि त्या दिवशी गठ्ठ्यात सगळ्यात वर मेहुण्याचा अर्ज होता. त्याच्या आधीचे कागद तळघरात होते. तिथली पाण्याची नळी फुटली आणि लगदा झाला तेव्हा फावड्याने उचलून टाकला. काकांचा तो पहिला अर्ज, मांडीवर लिहिलेला, त्या लगद्यात गेला. बाई म्हणाल्या, तो मी स्वतः वाचला होता, पण माझं वाचणं आता धरत नाहीत. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या की दहा वर्षांचं परमिट असलं की बहीण, तिचा नवरा आणि तिचं मूल आश्रित म्हणून राहू शकतात. राहता येतं, काम मात्र करता येत नाही. तेवढं घरी जाऊन बोला.

काकांनी घरी येऊन सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, हे मला जमणार नाही. मी इथून गेलेला चालेल, पण माझा बाप त्याच्या तोंडी घालणार नाही. बाप एवढा स्वस्त नाही. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"बाराशे लोकांना दिलात तेव्हा चालला," त्या म्हणाल्या. "आता पोरीची परीक्षा आहे. घड्याळ काढा."

काका मनगटावर हात ठेवून उभे राहिले. पुढच्या खोलीत लेक इतिहासाचं पाठांतर करत होती, तो आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी पट्टा सोडवला. वीस वर्षांत घड्याळाखालची कातडी पांढरी पडली होती, अगदी त्यांच्या वडिलांच्या मनगटावर त्या दिवशी दिसली होती तशीच.

पुढचे आठ दिवस स्वयंपाकघरात शिकवणी चालली. पॅरा पाठ करून भागणार नव्हतं, सुनावणीत प्रश्न येणार होते. म्हणून काकांना सगळं सांगावं लागलं, जे त्या तीन वाक्यांत कधी आलंच नव्हतं. बस हिरवी होती. वडील पायरीवर एक पाय ठेवून उभे होते, कंडक्टर ओरडत होता. पट्ट्याचा खटका निघेना, त्यात मनगटावरचे दोन केस अडकून उपटले गेले आणि वडील 'अगं आई' म्हणाले. मेहुणा हसला. काकाही हसले. वीस वर्षांत त्यांनी ही गोष्ट अकराशे लोकांच्या अर्जात लिहिली होती, पण घरात सांगितली नव्हती. लेक दाराशी येऊन ऐकत उभी राहिली.

मेहुण्याने विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?

काका म्हणाले, ते कुणी विचारणार नाही. पुढे बघ.

सुनावणीला काका मेहुण्याला घेऊन दीड तास आधी गेले. घड्याळाला चावी दिली, वेळ लावली, त्याच्या मनगटावर बांधलं, कॉलर नीट केली. तो आत गेला. काका बाहेर त्याच बाकावर बसले. दर दोन मिनिटांनी मनगट वर करायचे आणि रिकाम्या कातडीकडे बघून खाली घ्यायचे.

मेहुणा अर्ध्या तासाने बाहेर आला तो बिस्किट खात. आतल्या साहेबाने दिलं म्हणे. काकांनी विचारलं, काय झालं?

"सगळं विचारलं भावोजी. बस, खटका, केस. साहेब हसला पण. आणि शेवटी तेच विचारलं, जे तुम्ही म्हणालात विचारणार नाहीत."

"मग?"

"मग काय. सांगितलं, 'लवकर परत येतो' म्हणालो. दुसरं काय म्हणणार माणूस?"

काका भिंतीकडे वळले. ते तेच म्हणाले होते. अगदी हेच तीन शब्द, हिरव्या बसच्या खिडकीतून. रकाना सत्तावीसमध्ये ते त्यांनी लिहिले नाहीत, कारण राहायची परवानगी मागताना परत जायचं कशाला लिहा, असा त्यांचा हिशेब होता. आणि सहाव्या वर्षी वडील गेले तेव्हा काकांचं परमिट नूतनीकरणाला पडलं होतं. अर्ज ऑफिसात असताना देश सोडला तर अर्ज बाद होतो. काका गेले नाहीत. त्यांचा अर्ज परत येत नसे, त्याची ही किंमत होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मेहुण्याने विचारलं, काय झालं भावोजी, चुकलं का? काकांनी मानेनेच नाही म्हटलं आणि डोळे पुसले.

चार मिनिटांत टिंग वाजलं. मंजूर. यंत्राने खाली शेराही दिला होता: परत जाण्याची इच्छा असलेला विश्वासार्ह तात्पुरता कामगार.

आता सगळं ठीक आहे म्हणायचं. लेकीने परीक्षा दिली. काका आश्रित म्हणून राहतात. त्यांचा स्वतःचा अर्ज या खेपेला एका पानाचा होता. त्यातही 'आपल्याविषयी थोडक्यात लिहा' असा रकाना होताच. काका पेनाचं टोपण चावत पाऊण तास बसले आणि मग 'काही नाही' असं लिहिलं. ते मंजूर झालं. झेरॉक्सच्या दारातलं टेबल आता डबे ठेवायला वापरतात.

मात्र मेहुण्याच्या परमिटला दोन अटी आहेत. सदर घड्याळ कामावर असताना मनगटावर हवं, कधीही तपासणी होईल. आणि अर्जदाराने 'एकदाही उशिरा गेलेलो नाही' असं लिहून दिलं असल्यामुळे गोदामाची हजेरी थेट यंत्राला जोडली आहे. तीनदा उशीर झाला की परमिट रद्द, आश्रितांसकट. पहिल्या महिन्यातच मेहुणेसाहेबांचे दोन उशीर झाले. उरला एक.

तेव्हापासून काका पहाटे पाचला उठतात. सोफ्यावर मेहुणा घोरत असतो. त्याचा हात उचलून, मनगटावरच त्या घड्याळाला चावी देतात, कारण तो कधीच देत नाही. मग त्याला उठवतात, तोंडावर पाणी मारतात, बूट घालतात, डबा हातात देतात आणि दंडाला धरून बसथांब्यापर्यंत नेतात. बस आली की मागून ढकलून चढवतात.

"वेळेवर जा," म्हणतात.

मेहुणा खिडकीतून हात हलवतो आणि म्हणतो, हो हो, लवकर परत येतो. काका बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहतात. थांब्यावर कुणी ओळखीचं भेटलंच तर चष्मा पुसत सांगतात की आमच्याकडे उशीर होत नसतो. तिकडे बस कोपऱ्यावर वळायच्या आत मेहुण्याचा डोळा लागलेला असतो, आणि आज तर गोदामाचा थांबाही त्याच्या झोपेतच मागे पडला आहे.